निघणाऱ्याला विचारू नये

अण्णा, इथल्या नदीला कोणी खाडी म्हणत नाही. पण समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा तिच्यात शिरतं, लाल मातीच्या कड्यांखालून वर चढतं आणि चुकीच्या घरात आल्यासारखं परत फिरतं, म्हणजे तुमच्या लेखी ती खाडीच. मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबी नावाचं उपनगर आहे, नदीचंही नाव तेच. वरच्या अंगाला हायवेचा पूल आणि त्याखाली पाण्यात पडलेल्या सुपरमार्केटच्या ट्रॉल्या, खालच्या अंगाला भाजीचे मळे आणि समुद्र. मधल्या पट्ट्यात मी असतो, कायाकमध्ये. कायाक म्हणजे प्लॅस्टिकची एकट्या माणसाची होडी. पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं फिरवायचं. तुम्ही पाहिली असती तर म्हणाला असता, कोणाची तरी गुरांना पाणी पाजायची डोण सुटून वाहत आलीय. सध्या एप्रिल आहे. तुमच्याकडे आंबे उतरवायची घाई, इथे मात्र शरद अर्ध्यावर आलेला. सहा ऋतूंची नावं तुम्ही माझ्याकडून ओळीने पाठ करून घेतलीत, त्यातला एकही इथे दिल्या वेळी येत नाही. इथे ऋतूही आमच्यासारखेच बाहेरून आलेले असावेत.

या दिवसांत मलोवे नावाचा मोठा मासा नदीत चढतो. आपल्या घोळीचा चुलतभाऊ. तो पाण्याखाली पोटातून घुमतो आणि होडीच्या तळाला कान लावला तर ऐकू येतो, असं इथले लोक सांगतात. मी पुष्कळदा लावला. मला माझंच पोट ऐकू आलं. तुम्हांला हे सगळं का सांगतो आहे, तर गरवायचं, गरी टाकून मासे धरायचं शास्त्र मी तुमच्याकडून घेतलं आणि त्यातल्या एका नियमापायी गेल्या वर्षी माझ्या दारात पोलीस आले. संस्कृत शिक्षकाचा मुलगा या नात्याने नियम कोणाचा हे सांगणं मला भाग आहे.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. रविवार. आठवडाभर शाळेत रूपं घोकून घेऊन रविवारी तुम्ही गरी आणि डबा घेऊन खाडीवर जायचा. गावातले लोक चेष्टा करत, मास्तर सोमवारी सुभाषितां सांगतत नि आयतवारी गरीक लावूक सुंगटां सोलतत. (खरं सांगायचं तर विद्यार्थी आणि मासे दोघेही तुमच्यापासून सारख्याच अंतरावर राहत.) मी सात-आठ वर्षांचा असेन. तुम्ही पायरी उतरताय आणि मी मागून ओरडतो, "अण्णा, कुठे चाललात?" तुम्ही थांबता. चपला काढता. परत ओसरीवर येऊन बसता आणि आईकडे पाणी मागता. पाणी पिऊन झाल्यावरही बराच वेळ नुसते बसून राहता, आणि मला आतून कळत जातं की काहीतरी मोडलं. मग म्हणता, "निघणाऱ्याला कुठे म्हणून विचारू नये. पाण्यावर जाणाऱ्याला तर नाहीच नाही. विचारलं की वाट ऐकते." मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. संध्याकाळी रिकामा डबा घेऊन आलात आणि तो माझ्यासमोर ठेवलात, बस्स. त्यानंतर मी कोणालाच कधी कुठे म्हणून विचारलं नाही. माझी बायको म्हणायची, हा निव्वळ निष्काळजीपणा आहे आणि तू त्याला परंपरा म्हणतोस. आम्ही फार सभ्यपणे वेगळे झालो. मुलगी आता पर्थला नोकरी करते, रविवारी फोन करते, मी मराठीत विचारतो आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, दोघांचंही बरं चाललेलं असतं.

घरात राहिलो मी एकटा. तीन खोल्या, एक गॅरेज, गॅरेजच्या छताला टांगलेली होडी. तेवढ्यात इकडे विद्यार्थ्यांची लाट आली. एकदा पूर्वी आली होती तेव्हा मी नवा होतो. आता ही दुसरी, साथीनंतरची. दर विमानातून पोरं उतरत होती आणि त्यांना खोल्या मिळत नव्हत्या. आमच्या गल्लीत घरटी एकेक खोली लागली, एका घरात तर गॅरेजमध्ये गाद्या. मलाही मित्रांनी सांगितलं, दे रे एक खोली, तुला काय करायचीय? खोली रिकामी आहे हे मला चाललं असतं, पण संध्याकाळी आपण लावलेला दिवा आपणच बंद करायचा याचा कंटाळा आला होता. खोली बघायला फाटकापर्यंत रांग लागली. त्यातली एक नागपूरची मुलगी, इथे नर्सिंग शिकणारी. आत आली, खोली न बघता आधी स्वयंपाकघर बघितलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही डाळ कुकरमध्ये लावता की पातेल्यात?" कुकरमध्ये म्हटल्यावर, "मग राहते." भिंतीवर तिने बाबासाहेबांचा फोटो लावला आणि फ्रीजमधल्या माझ्या आमिषाच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत 'भाजी नाही' अशी चिठ्ठी चिकटवली.

पहिल्याच आठवड्यात मी होडी गाडीवर चढवतोय आणि ती युनीला, म्हणजे विद्यापीठात, जायला निघालेली. "कुठं चालले काका?" मी वल्हं खाली ठेवलं. आत जाऊन खुर्चीवर बसलो, पाणी प्यायलो. ती दारात उभी राहून बघत होती.

"बरं नाही वाटत का? बीपी बघू?"

"बीपी ठीक आहे. तू विचारलंस ना, म्हणून बसलो."

"मी काय विचारलं?"

"कुठे म्हणून."

तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, नर्स लोक ऐकतात तसं. मग म्हणाली, "आमच्यात हे शकुन-अपशकुन काही नसते. आमच्या घरी तर विचारतेच. कुठं चालला, कोणासंगं, कधी येशील. तिन्ही उत्तरं दिल्याशिवाय माझी आई दाराची कडी काढत नाही."

"माझ्या घरी एकही प्रश्न नव्हता."

"बाप्पा! मग हरवलं कोणी तर?"

मी म्हटलं, आमच्या घरात कोणी हरवत नसे. त्या वेळी हे मला उत्तर वाटलं होतं.

पण तिची सवय सुटेना. दर वेळी मी निघालो की तिच्या तोंडून 'कुठं' निघायचंच आणि मी परत येऊन पाणी प्यायचो. पाणी पोटात जायचं आणि नदीतलं पाणी ओसरून जायचं. एकदा वैतागून मी म्हटलं, "अगं, तुझ्यापायी माझी भरती जाते." ती दुखावली. वरवर हसली, कोपरापासून हात जोडून म्हणाली, "बरं. नाही विचारत. तुमच्या बाबांची शपथ." तेव्हापासून मी वल्हं उचललं की ती स्वतःच्या तोंडावर पालथा हात ठेवायची आणि डोळे मोठे करून उभी राहायची. आम्हां दोघांना त्याची गंमत वाटायची. घाटावर, म्हणजे इथल्या बोटी उतरवायच्या रॅम्पवर, एक म्हातारा माल्टीज माणूस रोज बसलेला असतो, त्याला गंमत वाटली नसती. त्याने मला एकदा विचारलं होतं, "हू नोज यू आर आऊट हिअर, मेट?" इथला रिवाज असा, की पाण्यावर जाणाऱ्याने जमिनीवरच्या कोणाला तरी सांगून जायचं, कुठे जातोय आणि कधी येतोय. मी म्हटलं, "माय फादर नोज." तो समाधानाने म्हणाला, "गुड ऑन हिम." असं म्हणताना इथले लोक शाबासकी देतात. तुमच्या वतीने मी ती घेतली.

आता तो दिवस. दुपारची वेळ, वारा पडलेला, पाणी चढतं. मी कड्यांखाली नांगर टाकून बसलोय आणि गरीच्या दोरीला अशी ओढ बसते की आधी वाटतं खडकात अडकली. मग खडक चालायला लागतो. अण्णा, तुम्ही आयुष्यभर ज्याची वाट पाहिलीत तसा मासा. त्याने मला होडीसकट ओढत नेलं, आधी वर आणि मग तोंडाकडे खाली. मी बावन्न वर्षांचा माणूस, पाय ताणून, दात विचकून, कोणाला तरी "बघा, बघा" असं मोठ्याने म्हणत होतो. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. अखेर तो बाजूला आला. पाण्याखाली पितळेची परात फिरावी तसा रंग. मी जाळं घेऊन त्याच्याकडे वाकलो, त्याने डोकं फिरवलं, आणि पुढच्या क्षणी मी पाण्यात होतो. लाइफ जॅकेट होतं म्हणून हे पत्र. मासा गेला, वल्हं गेलं, खिशातला फोन जागच्या जागी वारला. उलटी होडी धरून मी पाय मारत राहिलो आणि कसाबसा पलीकडच्या काठाच्या चिखलात लागलो. त्या काठाला या शहराचं सांडपाणी शुद्ध करण्याचा केवढा तरी पसारा आहे, आणि त्याला लांबच लांब कुंपण. शुद्धीकरणाच्या दारात मी गळ्यापर्यंत चिखलाने माखून बसलो होतो आणि दार बंद होतं. यावर तुम्ही नक्की हसला असता.

पण थंडी हसण्यासारखी नव्हती. इथलं पाणी शरदात हाडं शोधतं. बोटं वळेनात, दातखीळ बसायला लागली. शुद्धीवर राहायला काहीतरी म्हणत राहावं म्हणून मी रूपं म्हणायला लागलो, तुम्ही शिकवलीत त्या चालीवर, एकवचन, द्विवचन, बहुवचन. द्विवचनापाशी दर वेळी अडखळत होतो. आणि मग पहिल्यांदाच साधा विचार आला, की आत्ता मी कुठे आहे हे पृथ्वीवर कोणालाही माहीत नाही. मुलीला नाही, ऑफिसला नाही, त्या नागपूरच्या पोरीला नाही. तिला तर मीच शपथ घ्यायला लावून गप्प केलं होतं.

चिखलातून मी कुंपणाच्या कडेकडेने चालायला लागलो, आणि चालताना आई दिसायला लागली. ती चुलीपुढे बसलीय आणि शेजारीण विचारतेय, "मास्तर खंय गेले?" आणि आई तोंड वर न करता म्हणतेय, "बांधार. सुंगटां व्हरल्यानी मा." कोळंबी नेली म्हणजे बांधावर. कुर्ली नेली असती तर होडीच्या धक्क्यावर. आई तुमच्या डब्यात डोकावत असे, अण्णा. तुम्ही पायरी उतरायच्या आधी तिला तुमचा पत्ता ठाऊक असे, आणि पाणी किती वाजता फिरणार यावर ती भाताचं आधण ठेवत असे. एखाद्या दिवशी तुम्हांला उशीर झाला की ती काही न बोलता कंदील पुसायला घ्यायची, आणि कंदील पुसून व्हायच्या आत शेजारचे दोघे बांधाच्या वाटेला लागलेले असत. आपल्या घरात विचारत नसत, कारण आपल्या घरात विचारावं लागत नसे. मी त्यातला निम्माच नियम घेऊन समुद्र ओलांडला. उरलेला निम्मा आईच्या स्वयंपाकघरात राहिला आणि तिच्याबरोबर गेला.

अंधार पडता पडता एका मळेवाल्याने मला ट्रकमध्ये घेतलं. घरासमोर पोलिसांची गाडी. सोफ्यावर एक पोलीसबाई, तिच्यासमोर न प्यायलेला चहा, आणि आमची पोरगी उभी, युनिफॉर्मसकट. माझा फोन लागेना म्हणून तिनेच पोलिसांना बोलावलेलं, आणि शिफ्ट टाकून घरी थांबलेली. मला बघून ती रडली नाही. पोलीसबाईला म्हणाली, "धिस इज हिम," आणि आत जाऊन टॉवेल घेऊन आली. पोलीसबाई गेल्यावर मग फुटली.

"माहीत आहे त्यांनी काय विचारलं? विच रिव्हर? मी म्हटलं, आय डोन्ट नो. किती दिवसांपासून एका घरात राहता? वर्ष होत आलं. मग तुम्ही विचारलं काहून नाही? काय सांगू काका मी? काय सांगायचं असते अशा वेळी?"

"काय सांगितलंस?"

"खरं तेच. की विचारलं तर अपशकुन होतो. बाई लिहून घेत होती, तिचा पेन थांबला."

मला हसू यायला लागलं आणि थांबेना, थंडीनेही असेल. ती आणखी भडकली. "हसू नका! तुम्ही एकदा मारिबिर्नाँग नदीचं कौतुक केलं होतं, तेवढंच मला आठवलं. तिकडं बोट पाठवली त्यांनी. दुसऱ्या नदीत शोधत होते तुम्हाला. मेले असते ना तर दुसऱ्या नदीत मेले असते."

"हो."

"हो काय? तुमच्या बाबांनी सांगितलं होतं ना नाही विचारायचं? त्यांनाच विचारा आता."

म्हणून विचारतो आहे, अण्णा. मी परदेशी निघालो त्या दिवशी कुडाळ स्टेशनवर सगळे मला विचारत होते, खंय, किती लांब, थंय कोण आसा, आणि तुम्ही प्रत्येकाला हाताने गप्प करत होता. स्वतः एक प्रश्न विचारला नाहीत. पुढे पत्रं आली त्यांतही नाही. मी कुठल्या शहरात, कुठल्या घरात, कोणाबरोबर, काही नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी हे मनाशी पक्कं करून टाकलं होतं की या माणसाला जाणून घ्यायचंच नव्हतं. आता आठवतं ते वेगळंच. गाडी यायच्या आधी तुम्ही माझी बॅग उघडलीत, वरचा स्वेटर काढलात आणि त्याची लोकर दोन बोटांत धरून कितीतरी वेळ चाचपलीत. मग घडी घालून परत ठेवलात. तेव्हा मला वाटलं, घडी नीट नव्हती. तुम्ही डब्यात डोकावत होता का?

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दाराला पाठ लावून उभी राहिली. "कुठं? कोणासंगं? कधी येणार?" मी वल्हं हातात धरून उभा. खरं सांगतो, चारचौघांत सदरा काढायला सांगावं तसं झालं. म्हटलं, "वेरिबी. कड्यांखाली. एकटाच. पाचपर्यंत." तिने कडी काढली. त्या दिवशी एक मासा लागला नाही, आणि मला तुमच्या बाजूने थोडा आनंद झाला. पुढच्या खेपेला ब्रीम जातीचे दोन मासे लागले. त्यानंतर शास्त्राला फारसा आधार उरला नाही. पाचाला पाच मिनिटं कमी असताना मी घाटावरून भराभरा होडी चढवायला लागलो. म्हातारा म्हणाला, "मिसेस वेटिंग?" मी म्हटलं, तसंच काहीतरी.

या फेब्रुवारीत तिचं शिक्षण संपलं आणि बेंडिगोच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. ट्रेनने दोन तासांवर. आनंदच आहे. मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो, बॅगा चढवल्या, आणि सवयीने तोंड मिटून उभा राहिलो. ती दारात उभी. गाडी सुटायची वेळ झाली तरी आत जाईना. म्हणाली, "विचारा ना काका."

इतक्या वर्षांनी तोंडातून तो शब्द काढायचा म्हणजे जड गेलं. "कुठे चाललीस?"

"बेंडिगो."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

"कधी येशील?"

तेवढ्यात दार लागलं.

आता व्यवस्था अशी, की नदीवर जाताना मी तिला मेसेज करतो आणि दिलेली वेळ टळली की तिचा एक शब्द येतो, "आलात?" वॉर्डमध्ये असली तरी येतो. मी "आलो" म्हणून कळवतो. खोली पुन्हा भाड्याने देण्याबद्दल लोक विचारतात. बघू म्हणतो.

पत्र लांबलं. पाठवायचं कुठे, हा प्रश्न तुमच्या राज्यात विचारता येत नाही, तेव्हा ते इथेच राहील. एक गोष्ट तेवढी सांगून ठेवतो. आज सकाळपासून दक्षिणेचा वारा सुटलाय, नदी अंगावर येईल अशी फुगलीय आणि कोणीही शहाणा माणूस पाण्यात उतरणार नाही. मीही उतरलो नाही. होडी छताला टांगलेली आहे, कोरडी. मी दुपारपासून स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसून हे लिहितो आहे. पण एक वाजता तिला मेसेज मात्र केला. वेरिबी, कड्यांखाली, एकटाच, चारपर्यंत.

आता चार वाजून गेलेत.